मुलांच्या हाती लागू नये म्हणून

कळंबोलीची बरीचशी जमीन खाडीच्या मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सिडकोने इथे वसाहत आखली तेव्हा सगळा भाग भराव घालून वर उचलणे परवडणारे नव्हते. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर बांध, झडपांची दारे आणि धारण तलाव अशी योजना झाली. भरती असताना पावसाचे पाणी तलावात थांबायचे, ओहोटी लागली की दारांतून खाडीत जायचे. कागदावर ही योजना उत्तमच होती. पुढे तलावांत गाळ साचला, खारफुटी माजली, आणि २६ जुलै २००५ च्या पावसात कळंबोलीतले तळमजले पाण्याखाली गेले. एरवीच्या पावसाळ्यात पाणी घरात शिरत नाही, पण ते हटतही नाही. नाल्याच्या कडेला, बांधकामाच्या खड्ड्यात, लोखंड बाजाराच्या आवारात, महामार्गालगतच्या ट्रकांच्या जुन्या टायरांत ते मुक्काम ठोकून असते.

साचलेल्या पाण्यामागून डास येतात, डासांमागून मलेरिया आणि डेंग्यू, आणि त्यांच्यामागून खांद्याला यंत्र अडकवलेला माणूस पांढरा धूर सोडत येतो. शाळेच्या आवारातल्या विषांबद्दल बोलायचे तर सुरुवात इथून करावी लागते. ही औषधे कुणी हौसेने आणलेली नसतात. डेंग्यूने मूल दगावू शकते, उंदरांमुळे लेप्टो पसरतो, झुरळांमुळे दमेकरी मुलांचा त्रास वाढतो. ‘शाळेत एकही रसायन नको’ म्हणणाऱ्यांशी माझे म्हणूनच पूर्ण जमत नाही. पण कोणते औषध, कुठे, कधी आणि कुणाच्या हातून, हे प्रश्न कुणी विचारतच नाही, हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे.

आधी तो धूरच पाहू. त्यात बहुतांश डिझेल असते. शंभरात पाचेक भाग मॅलॅथिऑन किंवा त्याऐवजी सायफेनोथ्रिनसारखे औषध. त्या क्षणी उडत असलेला डास त्याने मरतो. पाण्यातली अळी शाबूत राहते आणि आठवड्या-दीड आठवड्यात डास होऊन बाहेर पडते. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत; धूर मात्र पुष्कळदा तिन्हीसांजेला येतो, मुले मैदानात असतात तेव्हा. मुले त्या धुरामागून धावतात. मोठी माणसे खिडक्या लावून घेतात आणि मुलांना हाका मारायला विसरतात. या धुरातले मॅलॅथिऑन मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात घातले. याचा अर्थ एकदा धूर नाकात गेला की कर्करोग, असा नाही. मागे धावण्यासारखी ती गोष्ट नाही, एवढा अर्थ नक्की आहे.

याउलट अळ्या मारण्यासाठी साठवणीच्या पाण्यात टाकले जाणारे टेमेफॉस ऐकायला भयंकर, पण प्रमाणात वापरले तर बरेच सौम्य. पिण्याच्या पाण्यातही लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीटीआय नावाचा जिवाणू त्याहून सौम्य, आणि गप्पी मासे सर्वांत सौम्य. दिसणाऱ्या धुराने लोकांचे समाधान होते; न दिसणाऱ्या गप्पीने डास कमी होतात. नगरसेवकाला यातले काय सोयीचे, हे सांगायला नको.

हे धंदेही काही दूरदेशीचे नाहीत. मॅलॅथिऑन आणि डीडीटी बनवणारा हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना याच रायगड जिल्ह्यात, रसायनीला उभा राहिला. कळंबोलीला भारतीय अन्न महामंडळाचे गोदाम आहे. अशा गोदामांत धान्याच्या थप्प्यांवर ताडपत्री ओढून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात. त्या गोळीची गोष्ट पुढे येईलच.

शाळेचे वर्ष आणि किडींचे वर्ष जोडीने चालते. मेच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कपाटांना वाळवी लागलेली दिसते. मग भिंतीच्या कडेने भोके पाडून औषध ओतले जाते. बहुधा क्लोरपायरिफॉस, अलीकडे इमिडाक्लोप्रिड. जूनमध्ये मैदानावर गवत, टाकळा, गाजरगवत तरारून येते आणि माळी तणनाशकाचा पंप पाठीवर घेतो. जुलै ते ऑक्टोबर डासांचा हंगाम. दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळेतल्या झुरळांवर फवारणी. परीक्षेच्या आधी उत्तरपत्रिकांच्या खोलीत उंदीर शिरतात, तेव्हा उंदरांचे औषध. आणि मुतारीत बारा महिने डांबराच्या गोळ्या. यातला प्रत्येक पदार्थ वेगळ्या माणसाबरोबर येतो. वाळवीचा ठेकेदार संस्थेचा, धूर पालिकेचा, तणनाशक माळ्याने दुकानातून आणलेले, उंदरांचे औषध शिपायाने स्वतःच्या खिशातून, आणि डांबरगोळ्या सफाईच्या सामानाच्या बिलात. या सगळ्यांची नोंद असलेली एकच वही मागून पाहा. क्वचितच एखाद्या शाळेत मिळेल.

बालवाडी आणि पाळणाघरांची तऱ्हा याहून वेगळी. कळंबोलीसारख्या वसाहतीत ती सहसा सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत किंवा गाळ्यात चालतात. सोसायटीने पेस्ट कंट्रोलचे वार्षिक कंत्राट दिलेले असते. रविवारी जिन्यात, गटारांच्या झाकणांत, वाहनतळात फवारणी होते. सोमवारी सकाळी त्याच जिन्यावर बसून तीन वर्षांची मुले बूट काढतात. बालवाडीच्या बाईंना कुणी कळवलेले नसते, कारण सोसायटीच्या लेखी त्या एक भाडेकरू असतात.

महाराष्ट्रात कीटकनाशक म्हटले की डोळ्यांपुढे शेत येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले, विशेष तपास पथक नेमले गेले. ती चर्चा योग्यच होती. पण तिच्यामुळे शहराचा असा समज घट्ट झाला की विष शिवारात असते आणि आपल्याकडे ‘पेस्ट कंट्रोल’ असते. रेणूंना हा भेद कळत नाही. वाळवीसाठी शाळेच्या पायात ओतलेले क्लोरपायरिफॉस आणि कपाशीवर फवारलेले क्लोरपायरिफॉस एकच. गंमत म्हणजे कायद्यालाही तो भेद मान्य नाही. शाळेतल्या झुरळांवर फवारणाऱ्या कंपनीला परवाना देतो तो राज्याचा कृषी विभाग.

हा कायदा जन्मला एका अपघातातून. १९५८ मध्ये वाहतुकीत पॅराथिऑन सांडलेल्या गव्हाच्या पिठाने केरळात शंभरावर माणसे मेली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला. त्यातून पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ झाला आणि १९७१ मध्ये नियम आले. डब्यावरचा तो कोनावर उभा केलेला चौकोन या नियमांचीच देणगी. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. उंदरांवरच्या चाचणीत शरीराच्या किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेल्यावर निम्मे प्राणी मरतात, अशी औषधे या गटात येतात. त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र असते. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,०००, हिरवा त्यापुढे. उंदरांचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, तरी अंदाजासाठी पाहा: चार वर्षांच्या, पंधरा किलोच्या मुलाच्या बाबतीत लाल गटाची वरची मर्यादाही पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर येते. चमच्याचा तळही तेवढ्याने भरत नाही.

लाल, पिवळ्या आणि निळ्या, तिन्ही लेबलांवर एक वाक्य सक्तीचे आहे: मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. घरासाठी या वाक्याचा अर्थ सरळ आहे, वरच्या फळीवर ठेवा. शाळेत वरची फळी कुठली? बाकाखालची फट, मैदानाची माती, नळाखालचे कपाट, शौचालयाचा कोपरा, शाळेतली एकूण एक जागा मुलांच्या हाताच्या टप्प्यात असते. शाळेचा उद्देशच तो आहे. तेव्हा हे वाक्य शब्दशः घेतले, तर फवारून पसरवायची बहुतेक औषधे शाळेच्या दारातच अडतात, आणि बंद डबीत, फटीच्या आत, कुलपात राहू शकतील तेवढीच उरतात. शाळांसाठी वेगळे कलम कायद्यात नाही ही खरी उणीव आहे. पण कलम येईपर्यंत थांबायचे कारण नाही. लेबलावरच्या एका ओळीतून शाळेचे अर्धे धोरण लिहून होते.

ही ओळ मोडली की काय होते, ते बिहारने पाहिले. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजन जेवून २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल ज्या भांड्यात आले त्यात आधी कीटकनाशक होते. स्वयंपाकीण तेलाबद्दल कुरकुरली होती आणि तिचे ऐकले गेले नाही, हेही चौकशीत पुढे आले. फवारणी नाही, धूर नाही, शेत नाही; फक्त एक रिकामा डबा. घटनेनंतर काही दिवसांतच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने विकसनशील देशांना अशी अतिघातक कीटकनाशके बाजारातून लवकर काढा, असे आवाहन केले. भारतात मोनोक्रोटोफॉसचे सर्वांत प्रचलित ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये. आपल्याकडे खिचडीचा तांदूळ ज्या खोलीत असतो, त्याच खोलीत फिनेल आणि औषधाचे डबेही असतात, अशा शाळा कमी नाहीत. अंगणवाड्यांचे तर स्वयंपाकघर, कोठार आणि वर्ग पुष्कळदा एकाच खोलीत. तिथे धान्यात कडुनिंबाचा पाला घालणारी मदतनीस मागासलेली नसून त्या खोलीतली सर्वांत शहाणी व्यक्ती असते.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हे बालरोगतज्ज्ञांचे पहिले वाक्य असते. वजनाच्या मानाने ते जास्त हवा ओढते, जास्त पाणी पिते. ते जमिनीजवळ वावरते आणि फवारलेले औषधही खालीच बसते. हात सारखा तोंडात जातो. मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस ज्यात येतात त्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे मोडून काढायला मदत करणारे पॅरॉक्सोनेज नावाचे विकर लहानपणी शरीरात कमी असते. ही विषे ज्या रीतीने काम करतात तीही इथे महत्त्वाची. मज्जातंतूंमधला निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे एक विकर असते. हे औषध त्यालाच जायबंदी करते. मग निरोप थांबतच नाहीत. किडा थरथरून मरतो. माणसात लाळ, घाम, उलट्या, बाहुल्या बारीक होणे, श्वास अडकणे ही लक्षणे दिसतात. मोठ्या मात्रेचे हे झाले. थोड्या मात्रेत, घडत असलेल्या मेंदूत काय होते, हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या सदनिकांमधून आले.

तिथल्या कोलंबिया विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर मॅनहॅटनमधल्या गरोदर स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या इमारतींत झुरळांसाठी क्लोरपायरिफॉस सर्रास फवारले जाई. नाळेच्या रक्तात ते जास्त आढळलेल्या मुलांची सातव्या वर्षीची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक इतरांपेक्षा कमी भरले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, जून २००० मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे औषध घरगुती वापरातून काढण्याचा करार उत्पादकांशी केला होता. शेतातल्या फवारणीने नव्हे, शहरातल्या झुरळांच्या फवारणीने हा धडा दिला. म्हणून कळंबोलीच्या सदनिकांना तो विदर्भाच्या शेतापेक्षा जवळचा आहे.

१९९८ चा एक प्रयोग याहून साधा आहे आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. न्यू जर्सीतल्या संशोधकांनी घरात क्लोरपायरिफॉस फवारले, कंपनीच्या सूचनेप्रमाणे खोली हवेशीर केली, आणि मग तिथे खेळणी नेऊन ठेवली. औषध पृष्ठभागांवरून पुन्हा हवेत उडाले आणि मऊ खेळण्यांत, प्लॅस्टिकमध्ये शोषले गेले. सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते फवारणीनंतर सुमारे ३६ तासांनी, आणि साठत जाणे पुढेही दोन आठवडे चालले. वास गेला म्हणजे औषध गेले, हा आपला सार्वत्रिक ठोकताळा त्या प्रयोगाने निकालात काढला. शनिवारी संध्याकाळी फवारलेल्या बालवाडीत सोमवारी सकाळी ३६ तास पुरे होतात.

वासावरून आठवले. ज्यांचे बालपण २०२० च्या आधीचे, त्यांना पेस्ट कंट्रोलचा म्हणून जो उग्र वास आठवतो तो बहुधा डायक्लोरव्हॉसचा, म्हणजे ‘नुवान’चा. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने तो ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. त्याच आदेशात इतर सतरा कीटकनाशकेही होती. तरीही बाटलीवरचे लेबल न वाचता ‘स्ट्राँग औषध मारा’ म्हणणारे गिऱ्हाईक आहे, तोवर जुना माल कुठल्या ना कुठल्या बाटलीत शिल्लक राहण्याची भीती आहेच. ठेकेदाराने पाण्यात मिसळलेले औषध आणले तर त्यात काय आहे, हे देवाला आणि त्यालाच ठाऊक. मूळ सीलबंद बाटली समोर फोडायला सांगणे हा अविश्वास नाही, व्यवहार आहे.

आता ती गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणजे खाली, झोपलेल्या मुलाच्या उंचीवर साचतो. त्यावर उतारा नाही. नियमाप्रमाणे ती सरकारी यंत्रणा किंवा खास मान्यता असलेल्या पेस्ट कंट्रोल चालकांनीच वापरायची असते. प्रत्यक्षात गव्हाच्या डब्यासाठी, ढेकणांसाठी, उंदरांसाठी ती सुटी मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूर इथे एका घरात पेस्ट कंट्रोलवाल्यांनी उंदरांचे विष ठेवले; कुटुंब बंद खोलीत एसी लावून झोपले आणि दोन लहान मुले सकाळपर्यंत गेली. कळंबोलीच्या दमट हवेत ओलावा शोधावा लागत नाही. ही गोळी शाळेच्या, पाळणाघराच्या किंवा त्यांच्या शेजारच्या गाळ्याच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. इथे मी कुठलाही पर्याय किंवा अपवाद मान्य करणार नाही.

तणनाशकाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. ग्लायफोसेटवर जगभर भांडण चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या बेनिशिया गावच्या शाळांचे मैदान सांभाळणारे ड्वेन जॉन्सन यांनी त्याच्या उत्पादकाविरुद्ध दावा केला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने त्यांना २८ कोटी ९० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. अपिलात ती २ कोटी ५ लाखांवर आली. शाळेची वेळ सुरू होण्याआधी मैदान फवारणारा हा माणूस होता. वैज्ञानिकांत एकमत नाही. अनेक देशांच्या नियामक संस्था ग्लायफोसेटला कर्करोगकारक मानत नाहीत, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ‘बहुधा’ मानते. भारताने ऑक्टोबर २०२२ मध्ये मधला मार्ग काढला. अधिसूचनेनुसार ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल चालकांनी करायची. म्हणजे माळीबुवांनी दुकानातून आणून मैदानावर मारण्याचा प्रश्नच त्या अधिसूचनेने मिटवला. किती माळ्यांना आणि किती मुख्याध्यापकांना हे ठाऊक असेल? आणि खरे सांगायचे तर खेळाच्या मैदानावरचे गवत हा रोग नाही. ते कापता येते. विळा आणि दोन बायांची दिवसाची मजुरी एवढाच तो खर्च.

बाहेरच्या देशांनी शाळांसाठी काय केले, ते थोडक्यात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात हडसन नावाच्या लहान गावाने १९९१ मध्ये शोभेसाठीच्या फवारणीवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. २००३ मध्ये प्रांताने शाळा आणि पाळणाघरांत बहुतेक कीटकनाशके बंद केली. न्यूयॉर्क राज्याने २०१० च्या कायद्याने शाळा-पाळणाघरांची खेळाची मैदाने फवारणीमुक्त केली. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात शाळांची आवारे आणि मुलांची मैदाने यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. कॅलिफोर्नियाचा २००० चा कायदा मात्र मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्याने बंदीपेक्षा कळवण्यावर भर दिला. दरवर्षी पालकांना वापरायच्या औषधांची यादी द्यायची. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना प्रत्येक फवारणीच्या ७२ तास आधी कळवायचे. फवारणीच्या २४ तास आधीपासून नंतर ७२ तासांपर्यंत पाटी लावायची. नोंदी चार वर्षे जपायच्या. कळवायचे म्हटले की निम्म्या फवारण्या आपोआप अनावश्यक ठरतात.

आपल्याकडे शाळेच्या फाटकाभोवती रेघा ओढायची सवय नाही असे नाही. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ आणि साखरेने भरलेले पदार्थ विकायला मनाई केली. फाटकाबाहेरचा वडापाव मोजला गेला आणि फाटकाच्या आतला फवारणीपंप राहून गेला.

कळंबोलीपुरते बोलायचे तर १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाल्यापासून या भागाला स्वतःची नगरसंस्था आहे. धूरफवारणीचे वेळापत्रक शाळांना आदल्या दिवशी कळवणे आणि शाळा भरलेली असताना किंवा मुले मैदानात असताना त्या गल्लीत धूर न सोडणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. शाळांच्या बाजूने अडचण वेगळी आहे. इथल्या बऱ्याच शाळा सकाळ-दुपार दोन अधिवेशनांत भरतात आणि संध्याकाळी त्याच वर्गांत शिकवण्या चालतात. इमारत रिकामी अशी सापडतच नाही. म्हणून फवारणी करायचीच असेल तर ती मोठ्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी करावी, शेवटच्या दिवशी नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदाराला बोलवायचे तर नरकचतुर्दशीच्या आधी. शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला सवड मिळाली, हे कारण ऐकून घेऊ नये. पाळणाघराने सोसायटीकडून कंत्राटाची प्रत आणि आठ दिवस आधी लेखी सूचना मागावी. भाडेकरारात ही एक ओळ घालून घेतली तर ती मागणीही राहत नाही, हक्क होतो.

ठेकेदाराला काय विचारायचे? परवाना. नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोलच्या परवान्यासाठी शेतीची पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी असलेला माणूस लागतो, आणि त्याने हैदराबाद, म्हैसूर किंवा हापूरच्या ठरावीक संस्थेत पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. पंप घेऊन आलेल्या पोऱ्याला हे सगळे विचारून काही उपयोग नाही. कंत्राटावर सही करणाऱ्याला विचारावे. मग औषधाचे नाव, लेबलाचा रंग, कुठे मारणार, किती. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत जी शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात. बैठकीत चहाबरोबर मंजूर होणाऱ्या विषयांत हा एक विषय घालणे त्यांच्या हातात आहे.

आणि मुळात फवारणीची वेळच येऊ नये, यासाठी करायची कामे कंटाळवाणी आहेत. कदाचित म्हणूनच ती होत नाहीत. उंदराचे पिल्लू सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येते, तेव्हा दाराखाली रबरी पट्टी लावायची. गळका नळ दुरुस्त करायचा, कारण झुरळ उपाशी बरेच दिवस काढते, तहानलेले काढत नाही. डबे खायची जागा ठरवायची आणि ती मधल्या सुट्टीनंतर लगेच पुसायची. संध्याकाळपर्यंत थांबायचे नाही. पुठ्ठ्याची खोकी वर्षानुवर्षे साठवायची नाहीत, झुरळांची ती आवडती घरे. खिडक्यांना जाळ्या. पाण्याच्या टाक्यांना घट्ट झाकणे, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी-कुंड्या कोरड्या. झुरळे तरीही उरली तर बिजागरीच्या मागे, फटीच्या आत जेलचा ठिपका; उंदरांसाठी सापळा किंवा कुलूपबंद पेटीतले आमिष. शेतीवाले याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. आजीच्या काळी याला घर नीट ठेवणे म्हणत.

दोन लहान वस्तूंबद्दल सांगायचे राहिले. मुंग्या-झुरळांसाठी रेघ ओढायचा तो कीटकनाशक खडू. त्यात सायपरमेथ्रिनसारखे औषध असते, आणि तो हुबेहूब फळ्याच्या खडूसारखा दिसतो. जगात ज्या एका इमारतीत तो अजिबात असू नये, ती शाळा. दुसरी डांबराची गोळी. नॅफ्थॅलीनच्या या पांढऱ्याशुभ्र गोळ्या लहान मुलांना पेपरमिंट वाटतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू लागतात, आणि ही कमतरता आपल्याकडे विरळ नाही. युरोपीय संघाने या गोळ्या २००८ मध्ये बाजारातून काढल्या. मुतारीला वास येतो तो पाणी कमी पडते म्हणून. गोळीने वासावर वास चढतो, इतकेच.

तरीही एखाद्या दिवशी अपघात झालाच तर काय करायचे, हे कार्यालयात मोठ्या अक्षरांत लावलेले असावे. मुलाला मोकळ्या हवेत न्या. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. काही औषधांत ती फुप्फुसात जाऊन जास्त घात करते. डबा, बाटली किंवा निदान लेबलाचा फोटो घेऊन दवाखाना गाठा, कारण उपचार औषधागणिक बदलतो. ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन, रक्त पातळ करणाऱ्या उंदीरनाशकाला ‘के’ जीवनसत्त्व, आणि टूथपेस्टसारख्या दिसणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमावर तर उताराच नाही. तिथे यकृत सांभाळत बसावे लागते, आणि पहिल्या दिवशी मूल ठीक दिसले म्हणून घरी आणायचे नसते. दिल्लीच्या ‘एम्स’मधले राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला देते. फोन करण्याआधी मुलाचे वजन, औषधाचे नाव, किती वेळ झाला आणि अंदाजे किती पोटात गेले, एवढे कागदावर लिहून घ्यावे.